थोरल्याला थोरली अक्षरे

मी, मल्लिकार्जुन वीरप्पा शेटे, वय चौपन्न, मुंबईचा वाणिज्य पदवीधर, राहणार कळंब, जिल्हा उस्मानाबाद, रियासत हैदराबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणावाचून, स्वहस्ते लिहितो. बार्शीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषध न देता विश्रांती सांगितली. त्याचा अर्थ मला समजला. छापखान्याच्या मालकाला हा दस्त हाताने का लिहावा लागला, ते कलम तिसरे वाचल्यावर कळेल.

कलम पहिले. राहते घर माझी बहीण महानंदा हिला द्यावे. माझी पत्नी गिरिजाबाई वारल्यापासून या घरातील चूल तिनेच पेटती ठेवली आहे. शिलकीतून प्रथम अंत्यविधी व जंगमांचे जेवण व्हावे. उरेल ते तिचे. माझी समाधी गिरिजाबाईच्या शेजारी असावी. दगडावर इंग्रजी अक्षर नको.

कलम दुसरे. पेंडीचे व्यापारी महांतप्पा यांनी वाटणीच्या दिवशी माझी छत्री नेली. ती परत मागू नये. मात्र छत्री माझी आहे, हे येथे नमूद करतो.

कलम तिसरे. हे कलम कोणास काही देण्यासाठी नसून पुढील कलम समजावे म्हणून आहे. मी व माझा धाकटा भाऊ चन्नबसप्पा मिळून इंग्रजी कामाचा छापखाना चालवीत होतो. मुंबई-मद्रासशी व्यवहार करणाऱ्या अडतवाल्यांची पत्रके व पाकिटे आम्ही छापीत असू. मी इंग्रज प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलो; तो सोलापुरास अमेरिकन पाद्र्यांच्या छापखान्यात. 'रंग' या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील एक अक्षर तो गाळी. मी ते परत बसवी. करडई, जवस आणि ज्वारी असे लिहायचे झाले तर 'आणि'च्या आधी तो स्वल्पविराम घाली. मी तो चिमट्याने उपटी. पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर, या वादात एका दिवाळीस आम्ही दोघेही जेवलो नाही.

महांतप्पांचे पत्रक या ओढाताणीत इतके रखडले की त्यांचा हंगाम सरला. ते दुकानात येऊन ओरडले, "अरं, मला पेंड विकायची हाय! तुमचा ठिपका आत हाय का भाईर, बैलाला इचारू का?"

चन्नबसप्पा हसला. गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "अण्णांचं इंग्रजी एक दिवस साहेबासंगं बोटीत बसून जाणार हाय बघा."

मी म्हणालो, "मग तू वेगळा हो."

वाटणीस महांतप्पा व अडतीतील इतर मंडळी पंच म्हणून बसली. अक्षरे कशी जुळवतात ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. घरच्या भांड्यांत थोरला हंडा थोरल्याकडे व धाकटा धाकट्याकडे जातो, त्याच रीतीने त्यांनी निवाडा दिला: थोरल्याला थोरली अक्षरे, धाकट्याला धाकटी. इंग्रजीत प्रत्येक अक्षराची मोठे व लहान अशी दोन रूपे असतात आणि दोन्हींवाचून साधे वाक्यही नीट छापता येत नाही, हे त्या बैठकीत आम्हा दोघा भावांनाच ठाऊक होते. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. आधी तोंड उघडेल तो हरणार होता. दोघांनीही सही केली.

स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे कोणाच्या वाट्याला घालावेत ते पंचांना सुचेना, म्हणून ते महानंदाकडे लोणच्याच्या बरणीत ठेवले. यंत्र सामाईक राहिले व दुकानाला दोन कुलपे लागली, एक त्याचे, एक माझे. नुसत्या मोठ्या अक्षरांतील पत्र म्हणजे पठाणाची आरोळी; तसले मी छापले नाही. यंत्र तेव्हापासून फिरलेले नाही. चन्नबसप्पा समोरच्या घरात राहतो. गिरिजाबाई गेली तेव्हा तो आला, समाधीत माती घातली आणि माझ्याशी न बोलता परतला. मीही बोललो नाही.

कलम चौथे. माझ्याकडील सर्व मोठी अक्षरे खणांसह, व माझ्या कुलपाची किल्ली, चन्नबसप्पा यास द्यावी. महानंदाने बरणीही त्यालाच द्यावी. 'रंगा'तील अक्षर गाळू नये, अशी अट मी प्रथम घातली होती. ती काढून टाकली आहे. माझे मत बदललेले नाही.

कलम पाचवे. ज्यास मृत्युपत्रान्वये काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, हा नियम मी मानतो. तरीही साक्षीदाराची दुसरी जागा मी चन्नबसप्पासाठी राखली आहे. आज दिवेलागणीपर्यंत तो या खोलीत येऊन सही करील, तर कलम चौथे रद्द समजावे व अक्षरे वितळवून शिसे विकावे. त्याचे मला दुःख होणार नाही.

महानंदा सकाळी निरोप घेऊन गेली व परत आली. तिने सांगितलेले जसेच्या तसे लिहितो. त्याने विचारले, "अक्का, अण्णा सोता 'ये' म्हणाले, का कागदात लिवलंय?"

मी म्हणालो, "कागदात आहे, असे सांग."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "अण्णा, एकदा तोंडानं म्हणा की. लई न्हाय, एकच शबुद. मी जाऊन सांगते."

"लिहिले आहे," मी म्हणालो.

ती गेली. त्यानंतर समोरचे दार उघडल्याचा आवाज मी दोनदा ऐकला. दोन्ही वेळा महानंदाच होती.

हे माझे अखेरचे मृत्युपत्र. यापूर्वी केलेले नाही. नंतर करण्यास अवकाश मिळेल असे वाटत नाही.

मुक्काम कळंब, फसली सन १३५६, तारीख ११ फेब्रुवारी १९४७.

सही: मल्लिकार्जुन वीरप्पा शेटे

साक्षीदार:
१. धोंडीबा लिंबाजी, शेतकरी, कळंब. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
२. बंडप्पा ईरण्णा, शेजारी, कळंब. सही दिवा लावल्यावर केली.

ताजा कलम. साक्षीदार क्रमांक दोन येथे आधी लिहिलेले नाव खोडलेले दिसेल. ती खाडाखोड माझ्याच हातची आहे. कलम चौथे कायम.