शेगडीत गेलेल्या सात ओळी

ता. ३ जून
ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, मी तक्रार दिली. आमच्या धुलाई कारखान्यातल्या सुपरवायझरची. रोजच्या शिव्या, आणि मार्चमध्ये मला कपडे वाळवायच्या गरम खोलीत तासभर कोंडलं ते, सगळं लिहून दिलं. तक्रार केली म्हणून कामावरून काढता येत नाही, तसा कायदाच आहे, तेव्हा घाबरू नकोस. पण तो म्हणतो, हे मी कालपरवा रचलंय. पण कोंडलं त्याच आठवड्यात मी तुला तारीखवार लिहिलं होतं. ते पत्र लगेच पाठव. वीस तारखेला तक्रार समिती बसणार आहे.

तुझीच,
भिंगरी

ता. ७ जून
चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की दूध उतू गेलं तरी उठले नाही. शेजारणीला सांगितलं, आमच्या पोरीने वाघाची शेपटी धरली. ती म्हणाली, धरली खरी, आता सोडायची कशी. मेलीला नेहमी असलंच सुचतं. माझा गुडघा बरा आहे. मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक थेट तुझ्यावर गेलंय, गप्प म्हणून बसत नाही.

आता मुद्द्याचं, ते लिहायला हात धजत नाही. पत्र आहे, पण अर्धंच. कोंडल्याच्या त्या सात ओळी मी कात्रीने कापून शेगडीत घातल्या. वाटलं, तुझा बाप वाचेल, तुला ओढून घरी आणेल, लागलेली नोकरी जाईल. वर तुलाच लिहिलं, बाई, सोस, तोंड मिटून राहा. उरलेल्या कागदावर काय, तर तू मजेत आहेस आणि मी काळजी करू नये. ते पाठवलं तर त्या मेल्याचंच फावेल.

रागाव, पण पत्र टाकायची थांबू नकोस.
आजी

ता. ११ जून
ती. आजीस सा. न.

रागावले. दोन दिवस. मग समितीतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पत्र वाचलेल्या माणसाने येऊन सांगितलं तर तेही धरतात. पण ओळी कुठे गेल्या हे विचारतील, आणि तुझं उत्तर लिहून ठेवतील. बाबांनाही कळेल. नाही जमलं तर तसं कळव.

भिंगरी

ता. १५ जून
चि. भिंगरीस अ. आ.

येते. एकोणीसला दुपारच्या गाडीने, तुझ्या बापासोबत. त्याला काल सगळं सांगितलं. संध्याकाळी उठून माझी पिशवी भरायला लागला. नको ते दोन स्वेटर कोंबलेत.

माझी शाळा दोन वर्षांची. एकेका अक्षरावर बोट ठेवून, चारचारदा वाचते, म्हणून त्या ओळी पाठ आहेत. बारा मार्च, मंगळवार, दुपारचे तीन, बाहेरून कडी, दार बडवून हात सुजला. तेवढं सांगेन. कुणी जाळलं विचारलं तर मी जाळलं म्हणेन. तुला सोस म्हणाले, ते कुणी विचारणार नाही. तेही लिहून घ्या, असं मीच सांगणार आहे.

लोभ ठेव, ठेवता आला तर.
तुझी आजी