खाले गेला

प्रिय जयाताई,

शर्यतीतला तो पत्र्याचा बाण म्या फिरवला. पहिले हेच लिहून टाकतो, नाईतर मी आडवंतिडवं लिहीत बसीन अन् कागद संपून जाईन. माह्या खोड्या तुले माहीतच हायेत. सरच्या खुर्चीले खाजकुयली लावणारा मी, वरातीतल्या घोड्याच्या शेपटीले डबा बांधणारा मी. पण ते सारं हासण्यावारी गेलं. हे नाई गेलं.

तू उंद्रीले होती, तुले सारं नीट कोणी सांगतलं नसंन. शर्यत अशी होती का मोताळ्याहून सायकलनं घाट चढायचा, वर पोचलं का सायकल टाकायची अन् डोंगरातून सात किलोमीटर पळायचं. पाऊस आदल्या दिवसापासून धरलेला. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या खुणा सकाळीच वाहून गेल्या, म्हून शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या लोकायनं पत्र्याचे बाण तारेनं झाडाले बांधले. डोंगरात जिथं दोन वाटा फुटतात तिथं मले उभं केलं. युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर, हातात फोन, अन् धुकं असं का समोरचं सागाचं झाड दिसे ना. अर्धे गडी तर घाटातच गळाले. त्यायले जीपमधी बसवून वापस मोताळ्याले धाडून राह्यले होते.

आपला देवानंद सत्तेचाळीस नंबर. पोलीस भरतीची त्याची ही शेवटची खेप होती, मंग वय निघून जाते. पहिल्या तिघात आलो तर भरतीतही निघतो, असं त्यानं मनात धरलेलं. त्याच्या मायनं, मनकर्णामावशीनं, सकाळी त्याले दूधभाकर चारली, अन् त्याचा बाप, किसनकाका, टॉवेल अन् सुके कपडे थैलीत घेऊन पहिलेच वर जाऊन उभे राह्यले.

अन् एक होता शहरातला सायकलवाला. सुरू व्हायच्या आधी आपली बोली करून दाखवे. काऊन बे, पळून राह्यला का बे, असं तोंड वाकडं करून. सारे हासले. देवानंदही हासला. मले लय लागलं. म्या मनात म्हटलं, लेका, सगळ्यायच्या पुढं तूच येशीन, तुले दाखवतो. बाण म्या गुराख्यायच्या वाटेकडं फिरवला. ती वाट खाले नाल्यात उतरते अन् तिथंच संपते. चिखलात माखून वापस येईन, एवढंच डोक्यात होतं. तो गेला का बाण सरळ करणार होतो.

पह्यला गडी आला. धुक्यातून नुसते पाय वाजले, पाण्याचा फचफच आवाज, अन् गेला नाल्याकडं. मी खोळीत तोंड घालून हासलो, ताई. बाण सरळ केला. मंग पाच-सात मिनिटानं दुसरा आला, तो शहरातला. दम लागलेला, ओठ निळे पडलेले. मले म्हणते, दादा, तो सत्तेचाळीस फार पुढे गेला का हो? घाटात त्यानं मला मागं टाकलं.

म्या त्याले हातानंच सरळ वाट दाखवली.

तेवढ्यात फोन वाजला. वर शर्यत संपायची तिथं मंडपात नारायणराव वही घेऊन बसले होते, कोण कुठी पोचलं ते लिहायले. सत्तेचाळीस दिसला का म्हणे. माह्या तोंडून निघालं, खाले गेला. ते म्हणे, अरेरे, गेला का घाटाखाली, बरं झालं सांगतलं, काटतो नाव. आपल्याकडं खाले म्हणजे मोताळा, वर म्हणजे बुलढाणा. त्यायची काहीच चूक नाई. फक्त एक बोल बोलायचा होता. घाटाखाली नाई, नाल्यात. पण नाल्यात काऊन गेला हे इचारलं असतं, अन् मंग बाण निघाला असता. मी म्हटलं, हाव. अन् फोन ठेवला.

वाटलं, येईन वापस. दोनदा आवाज देला. पाण्याच्या आवाजात माहाच आवाज मले ऐकू ये ना. मंग सारे परतले तसा मीही परतलो. मंडपात मसालेभात सुरू होता. किसनकाकाले लोकायनं सांगतलं का पोट्टं थकलं, घरी गेलं. काका जीपनं मोताळ्याले गेले, घरी पाह्यलं, अन् तशीच थैली घेऊन वापस वर आले. थैलीतले कपडेही तोवर भिजून गेले होते. तवा मी उठलो. तीन तास झाले होते, ताई. त्या तीन तासात म्या दोनदा भात घेतला.

नाल्यात तो दगडायमधी अडकून पडला होता, पाय खालच्या खाली मुरगळून. शुद्ध होती. मले पाहून म्हणे, बाण चुकीचा वाचला रे मी. डॉक्टर म्हणे दोन-तीन तास आधी आणला असता तर पाय राह्यला असता. ते तू दवाखान्यात सोताच्या कानानं ऐकलं. तवा मी तुह्या मागंच उभा होतो.

आता हे काऊन लिहून राह्यलो ते सांगतो. येत्या रविवारी मंडळ माहा सत्कार करून राह्यलं. एवढ्या धुक्यात गोविंदा सरळ त्याच जागी कसा गेला, त्याले देवानंच वाट दाखवली, असं सारं गाव म्हणते. सरळ कसा गेला, हे कोणी इचारत नाई. तू धाडलेला सदरा काल पोचला, अन् त्यातली चिठ्ठीही. म्हणे मी येईन, सगळ्यायच्या आधी मी ओवाळीन माह्या भावाले. ताई, तू येऊ नको. ताप आला म्हून सांग. तू समोर ताट धरलं तर माह्या तोंडातून निघून जाईन, अन् देवानंद तिथंच खुर्चीवर बसलेला असंन. त्याले संडासले न्यायले मी लागतो. बाकी कोणाच्या आंगाले तो हात लावू देत नाई, मावशीलेही नाई, काकालेही नाई. त्याले कळलं तर मलेही लावू देणार नाई, मंग त्याले कोण उचलीन? तू मले शिव्या दे, तोंड पाहू नको जलमभर, सदरा वापस माग. पण तुह्या पाया पडतो ताई, देवानंदले सांगू नको. कोणालेच सांगू नको.

तुहाच,
गोविंदा