हशासाठी सोडलेली जागा

४ जानेवारी, शनिवार

एकही जण हसला नाही! एकही!

आज आमच्या सिनेमाचा चाचणी-खेळ होता. बाहेरची, अनोळखी माणसं मुद्दाम बोलावली होती. दिग्दर्शक आणि मी मागच्या रांगेत जीव मुठीत धरून बसलो होतो. पडद्यावर टिल्लू. म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि जगाचा लाडका विनोदवीर. सिनेमातही तो विनोदवीरच आहे, गंमत म्हणून निवडणुकीला उभा राहतो. वाट्टेल ती आश्वासनं देतो, लोक ती खरी मानतात आणि त्याला निवडून देतात. हसायचं आहे ते अशा मान डोलावणाऱ्यांना. त्यासाठीच तर तीन वर्षं घासली!

खड्ड्याचं वाक्य आलं. टिल्लू सभेत सांगतो — "मी खड्डे बुजवणार नाही! तुमच्या दारातला खड्डा उचलून तुमच्या नावडत्या शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवीन!" मी दिग्दर्शकांना कोपरानं ढोसलं, आता बघा.

टाळ्या. हसणं नाही, टाळ्या! पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, याला म्हणतात मुद्द्याचं बोलणं."

५ जानेवारी

चूक माझी आहे की काय?

संकलनात प्रत्येक विनोदानंतर हशाची जागा सोडावी लागते. नाहीतर लोक हसत असतानाच पुढचं वाक्य येतं आणि वाया जातं. टिल्लूच्या विनोदाला हसू कसं येतं — आधी खुसखुस, मग एकदम स्फोट — हे मला तो शाळेत होता तेव्हापासून ठाऊक. म्हणून मी सढळ हातानं जागा सोडली. बोलून झाल्यावर तो नुसता उभा, समोर बघत. आता कुणी हसलंच नाही, तर त्या जागेत उरतं काय? शांतता. आणि गप्प उभा राहिलेला माणूस पडद्यावर विचारवंत दिसतो! माझा भाऊ! ज्याला दूध उतू जाताना गॅस बंद करायचं सुचत नाही!

आज सगळ्या जागा आखडल्या. बघू.

९ जानेवारी

दुसरा खेळ. टाळ्या आणखी वाढल्या. आता म्हणे तो "तडफदार" वाटतो. कपाळ!

निर्मात्यांनी लगेच बैठक बोलावली. मला वाटलं, त्यांनाही काळजी वाटत असेल. कसली काळजी! गडी खुशीत होता. "लोकांनी डोक्यावर घेतलाय. फक्त तो शेवटचा सीन काढा."

शेवटचा सीन! ज्याच्यासाठी सिनेमा केला तो! निवडून आल्यावर टिल्लू रिकाम्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटा बसतो आणि थेट आपल्याकडे बघून म्हणतो — "अहो, हसायचं होतं तुम्ही. मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. मी थापा मारत होतो. एकालाही हसू आलं नाही?" बस. संपला सिनेमा. तो सीन जुळवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतका चांगला नट आहे कार्टा.

मी म्हटलं, "हा काढलात तर सिनेमा थट्टा करत नाही, प्रचार करतो."

"ताई, लोक हौसेनं तिकीट काढणार आणि आपण शेवटी त्यांना मूर्ख म्हणणार?"

दिग्दर्शक खाली बघून पेनाचं टोपण चावत होते.

१० जानेवारी

मला खात्री होती, टिल्लू माझ्या बाजूनं उभा राहील. आईकडे जेवायला आला होता, तिथेच विषय काढला.

"जाऊ दे ना ताई. एवढं प्रेम करतायत लोक, कशाला दुखवायचं?"

"ते प्रेम तुझ्यावर नाही, खड्ड्यावर आहे!"

आई म्हणाली, "त्याला नीट जेवू दे आधी." झालं! हा पन्नाशीला आला तरी आईला तो उपाशीच दिसणार.

११ जानेवारी

सीन काढला. माझ्याच हातानं. रात्रभर तळमळ.

२१ फेब्रुवारी

सिनेमा लागला. तुडुंब. बाहेर पडणाऱ्यांत एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, "असा माणूस खरंच उभा राहायला हवा."

मला तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

२ मार्च

उभा राहिला!!

मला कुणी सांगितलंही नाही. कोपऱ्यावर दूध आणायला गेले तर फलक — "टिल्लूसाहेब". साहेब! खाली खड्ड्याचं वाक्य. आणि फोटो कुठला? माझ्या हशाच्या जागेतला. तोच, नुसता उभा, समोर बघत. मी जो वेंधळेपणा म्हणून ठेवला होता, त्याखाली छापलंय "दूरदृष्टी".

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्याच्या घरी गेले. हातात दुधाची पिशवी.

"अरे, तुला वॉर्डातल्या नळांना पाणी कुठून येतं हे तरी माहीत आहे का?"

"नाही. पण आधीच्यांना तरी कुठे होतं?"

"तू थट्टा करत होतास, टिल्लू!"

"मग अजूनही करतोय असं समज." आणि हसला. लहानपणी माझी खाऊची वाटी संपवून हसायचा, तसाच.

मी जाते म्हटलं. त्यानं अडवलं नाही. फक्त म्हणाला, "राग धरू नकोस गं." का नाही धरायचा? राग सोडला तर माझ्याकडे उरतं काय?

१७ मार्च

आईच्या शेजारीणबाई चौकशी करून गेल्या — आमच्या दारातला खड्डा नक्की कधी हलवणार, आणि कुणाच्या दारात? आईनं शांतपणे सांगितलं, "आमच्या नको म्हणजे झालं." नंतर माझ्याकडे बघून, "मत त्यालाच द्यायचं बरं का. घरचा आहे."

सुशिक्षित बाई आहे माझी आई!

२३ मार्च

त्याची सभा टीव्हीवर बघितली. बघायची नव्हती, बघितली. वाक्य बोलून थांबतो, लोक टाळ्या वाजवतात, मग पुढे. एक शब्द नवा नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याचे हात हातात घेतले आणि रडले. त्यांच्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही म्हणे, खड्ड्यांमुळे. टिल्लूनं त्यांना मिठी मारली.

मी टीव्ही बंद केला. त्या माणसाला कुणीतरी खरं सांगायला नको का? त्याचं तरी हसं होऊ नये!

२६ मार्च

काढलेला सीन माझ्याकडे आहे. परवा मतदान.

सकाळपासून घरात येरझाऱ्या. सख्खा भाऊ. पण ते म्हातारे गृहस्थ डोळ्यांसमोरून हलत नाहीत. शेवटी बसले. सुरुवातीचं संगीत काढलं. तो हल्ली प्रचारात घालतो तोच पांढरा सदरा, तोच चेहरा, तेच शब्द. "मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. मी थापा मारत होतो." खोट्या नावानं इंटरनेटवर टाकला. सिनेमातला आहे असं लिहिलं नाही. का लिहायचं? त्यांनी तरी फलकावर कुठे लिहिलंय!

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२७ मार्च

जिकडे तिकडे तोच सीन. आणि लोक काय म्हणतायत?

"किती निर्मळ माणूस!"

"मला काही येत नाही असं कबूल करणारा पहिलाच!"

"थापा मारल्या हे तोंडावर सांगायला छाती लागते."

कालपर्यंत जे कुंपणावर होते ते आज रडतायत. खाली लाल बदामांची रांग. शेजारीणबाईंनी तो आईला दाखवला आणि आईनं पदर डोळ्यांना लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हसा ना! देवाशपथ, कुणीतरी एकदा तरी हसा!

३० मार्च

निवडून आला. भरघोस. त्याचा फोन मी उचलला नाही.

२ एप्रिल

निर्मात्यांचा फोन. अभिनंदन करायला — माझं! मला वाटलं बहीण म्हणून. तर म्हणतात, "अहो, त्यानं अर्ज भरला त्याच दिवशी मी म्हटलं होतं, ताईंकडून तो सीन परत घेऊ या, धोका नको. तर म्हणाला, मुळीच नाही. आपण टाकला तर जाहिरात वाटेल. ती चोरून टाकेल, तेव्हा खरा वाटेल. मी म्हटलं, आणि नाही टाकला तर? तर म्हणाला, माझ्या ताईला तुम्ही ओळखत नाही. मतदान जवळ येऊ द्या, तिला राहवणार नाही."