गरिमाने भोपळा खाल्ला, त्याविषयी

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार

आदरणीय विजयाबाई,

विश्वासरावांचा नमस्कार. नागपुरात आपले गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा आहे. इकडे मी आणि चिरंजीव समरजीत ठीक आहोत. आपल्या नातीबद्दल ठीक म्हणावे की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून लिहायला बसलो. (फोन केला असता, पण ती फोनला कान लावून उभी राहते.)

अश्लेषा तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेली हे आपल्याला ठाऊकच आहे. गरिमा चार वर्षांची, खाणे म्हणजे वरणभात आणि बिस्किटे. आई गेल्यावर वरणही सुटले. आठवड्यात पाऊण किलो वजन उतरले, तेव्हा मी घाबरून सूनबाईंना हैदराबादला फोन लावला. त्या म्हणाल्या, "बाबा, खा म्हणायचंच नाही. भाज्यांशी खेळू द्या. हात लावू दे, वास घेऊ दे." लहानपणी मी आमटीत बोटाने रेघ ओढली म्हणून वडिलांनी मला पाटावरून उठवले होते. तोच मी सत्तराव्या वर्षी भाज्यांशी खेळायला निघालो.

फूलबागेजवळच्या सब्जीवाल्याने विचारले, "बाबूजी, खाने वाले कितने हैं?" मी खरे ते सांगितले, खाना नहीं है, खेलना है. त्याने धनिया जास्त घातला.

पहिल्या दिवशी शाळा झाली. दुधी, भोपळा, बीट, पालक, कारले, टिंडे (तिकडची ढेमसे) ओळीत बसले. गरिमा मॅडम. "आजोबा, आप भी लाइन में बैठो ना." मी कारल्याशेजारी बसलो. मग चाखण्याचा तास निघाला, आणि विद्यार्थी फक्त मी. चार दिवसांत मी सगळ्या भाज्या कच्च्या खाल्ल्या (टिंडा वाटतो तितका वाईट नाही), तिने एकही नाही. समरजीत सिटी सेंटरहून, म्हणजे बँकेतून, घरी आला तेव्हा मी कान धरून उभा होतो, कारण कारले अर्धे टाकले होते. तो सरळ चहा करायला गेला.

पाचव्या दिवशी तिने भाज्यांची नावे ठेवली. दुधी म्हणजे पप्पा. बीट म्हणजे आई. भोपळा म्हणजे आपण. (यात आकाराचा काही संबंध नाही. देठ आपल्या अंबाड्यासारखा दिसतो, एवढेच तिचे म्हणणे.) दुपारी ती बीट उशाशी घेऊन झोपली. उठल्यावर म्हणाली, "आजोबा, आईला उकडा."

मला वाटले, मी काही चुकीचे ऐकले. पण खा म्हणायचे नाही तसे खाऊ नको असेही म्हणायचे नसणार, म्हणून उकडले. तिने चार फोडी खाल्ल्या, ओठ लाल झाले, आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "अब आई अंदर है. ऑफिस नहीं जाएगी."

मी बराच वेळ सुरी धूत राहिलो.

मग गडबडीने दुधी केला. तिने ताट सरकवले. "पप्पा तो शाम को आ जाएँगे." तेव्हा उलगडा झाला, की ती फक्त दूर असलेल्यांना खाते. भोपळा तिने तीनदा खाल्ला, तिसऱ्यांदा मागून घेतला. आपण नागपूरला राहता याचा इतका उपयोग होईल असे लग्नाच्या बैठकीत माझ्या मनातही आले नव्हते. वजन अर्धा किलो भरून आले आहे. हे बरे झाले की काही भलतेच झाले, मला कळत नाही. अश्लेषाला भाजी खाल्ली एवढेच कळवले आहे. कोणती समजून खाल्ली ते सांगायला धीर होत नाही. आपण आई आहात, आपणच सांगावे.

आपला,
विश्वासराव

ता.क. दसऱ्याला आपण येताच आहात, जरूर यावे. स्टेशनवर ती मोठ्या आवाजात "मी तुम्हाला खाल्लं" असे म्हणेल. राग मानू नये. आपण आल्यावर भोपळा बंद होईल, त्याला इलाज नाही. मुक्काम मात्र आखडता घेऊ नये.

ता.क. २. खरे काम लिहायचे राहिलेच. पुढच्या रविवारी अश्लेषा परत येते, म्हणजे बीटही गेले. पालक आणि कारले अजून कोणीच नाहीत. आमच्याकडचे सगळे नातेवाईक इथे मुरार-लष्करमध्येच राहतात. आपल्याकडे लांब राहणारी, आणि फारशी न येणारी, प्रेमळ माणसे असल्यास दोन-तीन फोटो पाठवावेत. कारल्यासाठी शक्यतो कुणी परदेशातले पाहावे.

ता.क. ३. आत्ताच ती टिंडा घेऊन आली होती. म्हणाली, हे आजोबा. मी विचारले, उकडू का? तिने माझ्याकडे नीट पाहिले, टिंडा परत टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "आप तो यहीं हो." म्हणजे टिंडा वाया गेला. तरी मी मघापासून उगीच हसतो आहे.