मैत्रीला घेऊन धावू नकोस

राजदीप,

बातमीसाठी सावली गावाला जात आहे. मैत्री झोपली आहे, दूध फ्रिजमध्ये आहे.

धावताना ढकलायची म्हणून खास बाबागाडी आणलीस, पण सोबतची पुस्तिका वाचली नाहीस. पाच महिन्यांच्या बाळाची मान कोवळी असते. आठव्या महिन्याआधी तिला घेऊन धावायचं नाही. काल तू तिला घेऊन कोळशाच्या ट्रकांच्या गर्दीतून धावलास. गाडी सुटू नये म्हणून मनगटात अडकवायचा जो पट्टा होता, तो कापून त्यानं मोटारसायकलला डबा बांधलास. वर म्हणतोस, "लटकूनच तं राह्यला होता, काऊन चिडून राह्यली?"

वनरक्षक भरती जवळ आली, हे मलाही कळतं. पाच वाजता आई येतील, तेव्हा मैदानावर एकटा जा. तरीही तू तिला नेशील, म्हणून गाडीचं पुढचं चाक काढून मी सोबत नेलं आहे.

रिना