आठ जणी, आठ दोरे

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोऱ्याची आठ रिळं आणली — आठ रंगांची. साखरखेर्ड्याच्या बाजारात दुकानदार रहेमतुल्ला चाचांनी विचारलं, "काय बाई, घरात लग्न हाय का?" म्हटलं, नाही चाचा, टमाट्याचं लग्न आहे. ते हसले, पण बहुतेक मला वेडीच समजले.

खोटं काय सांगितलं मी? आमच्या शेडनेटमध्ये दुसरं काय चालतं! संध्याकाळी बायका कळी उघडून आतला नर, म्हणजे पुंकेसर, काढतात. सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावतात आणि खूण म्हणून दोरा बांधतात. त्या फळातून कंपनीचं बियाणं. आतापर्यंत सगळ्यांचा दोरा एकच, पांढरा. आता आठ जणींचे आठ रंग. कोणी किती फुलं केली, त्यातली किती फळाला आली, सगळं झाडावरच लिहिलेलं!

कल्पना माझी. तायडे साहेब फोनवर म्हणाले, "वा पूनम, याला म्हणतात परफॉर्मन्स मॅनेजमेंट." कंपनीचे साहेब इतकं गोड बोलतात हे मला नवीन होतं. मग शेवटी त्यांनी हळूच सांगितलं — पुढचा प्लॉट लहान आहे, सातच बायका लागतील. दहा ऑक्टोबरपर्यंत वगळायचं एक नाव कळवा.

मला सुपरवायझर होऊन तीन महिने झालेत. निदान माझ्या मर्जीने कोणी गेलं असं तरी होणार नाही. दोरा सांगेल. बायकांना यातलं काही बोलले नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

रंगवाटप. लाल कोणाला, यावरून खैरुन्निसा आणि विमलबाईची अर्धा तास जुंपली. खैरुन्निसाचे हात सगळ्यांत चपळ, विमलबाईची जीभ. आज जीभ हरली. सुचिताने मुकाट्याने निळा घेतला. तानाबाई सगळ्यांत मोठ्या, साठीच्या घरातल्या. उरलेला मातकट रंग त्यांच्या वाट्याला आला.

"मले कोनताबी चालते. रंगानं का फळ धरते?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोजायला चार ओळी ठरवल्यात. त्यातला आजचा आकडा — खैरुन्निसा ३१०. सुचिता २७०. विमलबाई, तोंड चालू ठेवून, २४०. तानाबाई १२०.

मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. एक कळी धरली, निरखली, सोडून दिली.

"काऊन सोडली, मावशी?"

"कच्ची हाय. उद्या पाहू."

"आकडा कमी भरून राह्यला तुमचा."

"भरू दे ना. घाई केली तं कळी रुसते, पोरी."

वहीत लिहिलं — हळू. खाली रेघही मारली. मोठी शहाणी मी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तानाबाई ११५. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. या वयात उघड्या रानात कापूस वेचणं झेपणार नाही. सावलीतलं काम म्हणजे हेच एक.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शेडनेट मुकं झालं आहे. विमलबाईच्या नणंदेचा किस्सा आठवडाभर कोणाच्या तोंडी नाही — ही नणंद म्हणजे आमचा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम होता! सुचिता परागाची डबी पदराखाली लपवते. चांगल्या फुलांच्या ओळीवरून दोघीजणी हातघाईवर आल्या. मी जवळ गेले की सगळ्यांचे हात भराभर चालायला लागतात. म्हणजे मला भ्यायला लागल्या.

मी कोणाला भीती दाखवायला आले नव्हते. डोणगावला घरी आईला फोनवर म्हटलं, काम छान चाललंय. तिला पटलं नाही, कारण मला पटलं नव्हतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सोळा तारखेच्या फुलांची फळं मोजली. लाल — ३१० पैकी १०४. मातकट — १२० पैकी १११. पुन्हा मोजली. तेच!

घाईत कच्च्या कळ्या उघडल्या, पराग लावला, फुलं गळून गेली. तानाबाईंची मात्र जवळजवळ सगळी धरली. मी ओळीत उभी राहून एकटीच हसत होते. मावशी पहिल्या नंबरवर! सुटले!

मग तळाला कोण ते पाहिलं. सुचिता. ७८. गेल्या महिन्यात मला ताप होता तेव्हा तीन दिवस माझ्या खोलीवर भाजी-भाकरी आणून देणारी सुचिता. तिची पोरगी नर्सिंगला आहे.

दोरा सांगेल म्हणाले होते. त्याने सांगितलं. आता मलाच ऐकायचं नाही.

आणि सगळ्यांची मिळून फळं गेल्या हंगामापेक्षा कमी. हे साहेबांना सांगितलं तर फोनवरचा गोडवा संपला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डबे सोडायच्या वेळी सगळं सांगून टाकलं. सात ठेवायच्यात, एक काढायची, दोरा त्यासाठी होता. वाटलं, आता अंगावर येतील.

विमलबाई म्हणाली, "अवो मॅडम, मंग आधी सांगाचं ना! आमी समजलो बक्षीस हाय. मी तं साडीचा रंगबी ठरवला होता."

मला हसू आवरेना, आणि रडूही. पण सुचिता जेवली नाही. तिने डबा तसाच झाकून ठेवला. तानाबाई मला म्हणाल्या, "तू जरा तिकडं ओळी पाहून ये." सुपरवायझरला बाहेर काढलं! आठही जणी अर्धा तास बोलत बसल्या. मी लांबून खोटंखोटं ठिबकच्या नळ्या तपासत होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

नणंद परत आली! आज तर तिने सासऱ्याचा चष्मा भाकरीच्या टोपल्यात ठेवला म्हणे. अख्खं शेडनेट हसत होतं.

खैरुन्निसा दोन दिवस बहिणीच्या लग्नाला लोणारला गेली आहे. तरीही आज लाल दोऱ्याची ताजी फुलं भरपूर. सुचिताच्या कमरेला तीन रिळं दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी ठिबकच्या नळ्यांकडे.

सगळ्या आता तानाबाईंसारख्या कळी निरखून मगच हात लावतात. शंका आली की हाक — "मावशे, हे पाह्य वं, पिकली का?" मावशी सिंहासनावर बसल्यासारख्या हो-नाही सांगतात.

२ ऑक्टोबर, दसरा

आठही जणींनी खोलीवर येऊन सोनं दिलं. त्यांच्या नावांची यादी तेव्हा माझ्या पिशवीतच होती. लाज वाटली.

४ ऑक्टोबर, शनिवार

तानाबाईंना म्हटलं, मलाही शिकवा. कृषी पदवीच्या पेपरात हे सगळं लिहिलं होतं, शंभरपैकी शहात्तर पडले होते. आज अकरा फुलं मोडली.

"हात हलका ठेव. भाकर नाही थापाची."

बारावं नीट झालं. त्यावर दोरा बांधायचा तर माझ्याकडे रंगच नाही! विमलबाईने स्वतःचा हिरवा काढून दिला. म्हणाली, फळ माझं, शाबासकी तुमची. इतका आनंद पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची मोजणी. त्या चार ओळींतली धरलेली फळं. लाल २०६. निळा २०६. हिरवा २०६. मातकट २०६. आठही रंग — २०६!

बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसले. यांनी काल संध्याकाळी दोरे सोडून पुन्हा बांधले असणार. विमलबाईला विचारलं तर म्हणे, "मॅडम, फळ धरनं देवाच्या हाती हाय." चेहरा अगदी साळसूद.

आणि एकूण फळं गेल्या हंगामापेक्षा सव्वापट. ती काही दोरे हलवून वाढत नाहीत.

साहेबांना फोन केला. ते आधी खूश झाले, मग म्हणाले, "सगळ्यांचं सारखं? असं कधी होतं का?"

"झालंय साहेब. येऊन मोजा."

"एवढी फळं कोण मोजत बसणार! ते काही असो, टीममधलं सर्वांत कमी कामाचं एक नाव लागेलच. फॉर्म रिकामा वर जात नाही."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फॉर्म समोर घेऊन बसले. वरचा रकाना — टीममधील एकूण व्यक्ती. आठ लिहिलं. मग खोडलं. नऊ. मीही टीममध्येच आहे ना!

मग पुढचं सोपं झालं. सर्वांत कमी काम — पूनम. पूर्ण केलेली फुलं एक, मोडलेली अकरा. यात एक अक्षर खोटं नाही. शेवटचा प्रश्न, सदर व्यक्तीचे काम कोण सांभाळू शकेल? तानाबाई. कारण — कळी केव्हा पिकते ते त्यांना कळतं, आणि त्या सांगतात तेव्हा इतरांनाही कळतं.

पाठवून दिला. बाबांना काय सांगू? गावभर सांगत फिरतात, पोरगी सुपरवायझर आहे. भीती वाटतेय, खरंच वाटतेय. पण सुचिताचं नाव लिहिलं असतं तर तिच्या हातची भाकरी पुन्हा माझ्या घशाखाली उतरली नसती.

जेवले पोटभर.

१३ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांचा मेसेज — नाव मंजूर. पुढच्या प्लॉटची जबाबदारी तानाबाईंकडे.

तासाभराने तानाबाईंचाच फोन. "साहेबाले सांगतलं म्या, सातात भागत नाही, आठ लागतेत. फळं पाह्यली म्हने त्यानं, हाव म्हनला. तं आठवी तू, उद्या सकाळी सातले येजो. उशीर केला तं हजेरी नाही लावनार, सांगून ठेवतो."

"हो, मावशी," म्हटलं. त्या म्हणाल्या, "मावशी घरी. तिथं मॅडम म्हनाचं."