विचुंब्याचा प्लॉट आणि धर्मराजचा खोकला

मी, कुमारी भामा विठू घरत, वय ६७, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं फुप्फुस बिघडलं आहे, डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉ. कादंबरी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला ते दमून घरी गेले.

१. वाटपाआधी एक खुलासा. मला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि मी जन्मात एकही सिगारेट ओढलेली नाही. माझा धाकटा भाऊ धर्मराज याने मात्र "टेलिफोनमधल्या बायका रात्रपाळीला ओढायच्या" असं गावभर सांगितलं. तो स्वतः सोळाव्या वर्षापासून ओढतो. हे कलम माझ्या दहाव्याला सर्वांसमोर, स्पष्ट उच्चारांत वाचावं. धर्मराजला पुढच्या रांगेत बसवावं.

२. नवीन पनवेलचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि पितळी भांडी माझी पुतणी, धर्मराजची मुलगी मनस्वी हिला द्यावीत. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. भांडी तिच्या आईने मागितली तरी देऊ नयेत.

३. शस्त्रक्रियेत काढलेला माझ्या फुप्फुसाचा तुकडा आणि रक्ताचे नमुने डॉ. कादंबरींच्या अभ्यासाला द्यावेत. त्या म्हणतात, ज्या आनुवंशिक फरकांमुळे या रोगाचा धोका थोडा वाढतो, त्यांतले काही सिगारेट सुटणं न सुटणं, वजन, दम, इतकंच काय, माणूस किती वर्षं शाळेत टिकला, याच्याशीही जोडलेले दिसतात. मी म्हटलं, "मी पदवीपर्यंत शिकले, वजन पन्नास किलो. धर्मराज दहावीला तीनदा बसला, पोट बघा त्याचं. मग हे माझ्याच वाट्याला का?" त्या म्हणाल्या, "मावशी, धोका म्हणजे निकाल नाही. हजारो माणसांचा हिशेब एका माणसाला लागू पडेलच असं नाही. म्हणून तर तुम्ही दोघंही हवे आहात." उत्तर पटलं. राग गेला नाही.

४. विचुंब्याचा प्लॉट. वडील वारले तेव्हा धर्मराज माझ्याकडे हक्कसोडपत्र आणि एक साडी घेऊन आला होता. मी साडी ठेवून घेतली, कागद परत केला. तो सहा वर्षं बोलला नाही. पुढे वाटणीत हा प्लॉट माझ्या नावावर झाला. वडिलांच्या रक्तातून जे आलं, त्याच्या वाटपात मात्र कोणी माझी सही मागायला आलं नाही.

धर्मराज दिवाळीपासून खोकतो आहे. डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला, अभ्यासाचा फॉर्म भरा, छातीचा स्कॅन करून घ्या. हा म्हणतो, "काय पण नाय झालंय मला. रस्त्याची धूळ हाय ती." म्हणून आधीच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की धर्मराजने फॉर्म खराखरा भरून स्कॅन केला तरच प्लॉट त्याचा, नाहीतर त्याचे शेजारी हरेश म्हात्रे यांचा. या दोघांचं दीड फूट कुंपणावरून अकरा वर्षं भांडण चालू आहे. मसुद्याची बातमी मीच फोडली.

५. रविवारी सकाळी धर्मराज आला. "ताय, हरेशला? हरेशला देशील तू?"

"देईन. त्याला खोकला नाही."

"पोरीचं लगीन हाय मे महिन्यात. कामोठ्याच्या तिच्या सासरच्या मानसांना कळलं तर?"

मनस्वी चहा गाळत होती. म्हणाली, "पप्पा, मी प्रितेशला सगळं सांगितलंय. तो म्हणाला, आमच्याकडे चौघांना शुगर आहे, ती तुमच्यापासून कुठे लपवली?"

धर्मराजने फॉर्म ओढून घेतला. रोज किती ओढता, याच्यापुढे लिहिलं, 'कधीमधी'. मी परत दिला. मग 'पाच'. मनस्वीने त्याच्या वरच्या खिशातल्या पाकिटाकडे बोट दाखवलं. मग 'अठरा'. शिक्षणापुढे 'दहावी' लिहिलं. मी विचारलं, "पास?"

"ते इचारलं नाय त्यांनी."

सोमवारी आम्ही तिघं स्कॅनला गेलो. मशीनमध्ये जाताना त्याने घड्याळ आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट माझ्या हातात दिलं. बाहेर आल्यावर फक्त घड्याळ मागितलं.

६. सबब, हरेशचं नाव रद्द. त्यांना हे कळवल्यावर ते म्हणाले, "मला वाटलंच होतं, ताई. साक्षीला येऊ का?" मृत्युपत्रातून मालमत्ता मिळणार नसेल तरच साक्षीदार होता येतं, असं वकील म्हणतात. म्हणजे आता ते पात्र आहेत.

विचुंब्याचा प्लॉट मी कोणतीही अट न ठेवता धर्मराज विठू घरत याला देते. त्याने तो ठेवावा, विकावा किंवा उपचारांना लावावा. कोणाला विचारू नये. मनस्वीचं लग्न ठरल्या तारखेलाच व्हावं.

धर्मराजचा रिपोर्ट उद्या, शुक्रवारी मिळणार आहे. वकिलांनी तोवर थांबा म्हणून सुचवलं. मी आजच सही करते आहे. त्यात काहीही निघो, स्कॅनची फिल्म बघून बहिणीने भावाचा वाटा ठरवला असं त्याला कधी वाटू नये.

सही: भामा विठू घरत

आमच्यासमोर वाचून, शुद्धीत सही केली:
१. हरेश म्हात्रे, विचुंबे
२. डॉ. कादंबरी भोईर, पनवेल

स्थळ: नवीन पनवेल
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६